नेमण्णांची न झालेली डेअरी

"मठ्ठा घेतेस ना?" म्हणत अण्णा माझ्या पानाशी वाकले, तशी मी वाटीवर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाले, "अण्णा, लक्षात आहे ना? पंगतीत काही बोलायचं नाही."

"आहे की! दरवर्षी सांगतेस," म्हणून त्यांनी माझा हात बाजूला सारून मठ्ठा ओतलाच आणि पुढच्या पानाकडे सरकले.

अण्णा म्हणजे नेमिनाथ लडगे. गावात त्यांना सगळे नेमण्णा म्हणत. क्षीरटेक सिस्टिम्स या कंपनीचे ते संस्थापक आणि चेअरमन, आणि मी त्या कंपनीची सेक्रेटरी. म्हणजे टंकलेखन करणारी नव्हे. कंपनीनं कायद्याच्या चौकटीत राहावं, शेअर बाजाराला जे कळवायचं ते वेळेवर कळवावं, हे बघणारी. नेमण्णांसारख्या माणसाला चौकटीत ठेवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यापैकी काम होतं, पण पगार चांगला होता आणि माणूस त्याहून चांगला होता.

क्षीरटेक दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं आणि सॉफ्टवेअर करायची. शेतकरी दूध घेऊन येतो, यंत्र वजन घेतं, फॅट मोजतं, दर लावतं आणि हातात छापील चिठ्ठी देतं. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. पण जयसिंगपूरच्या पुढं, आमच्या हिंगणवाडीसारख्या गावात एका शेतकऱ्याच्या पोरानं हे यंत्र बनवलं आणि ते देशभरातल्या डेअऱ्यांनी घेतलं, याचा त्या काळी केवढा डंका होता! कंपनीची शेअर बाजारात नोंद झाली तेव्हा गावानं अक्षरशः गुढ्या उभारल्या. प्रत्येक घरात क्षीरटेकचे थोडेफार शेअर होते. लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर शेअर द्यायची रीत पडली होती. आणि विकायचे नाहीत, हा अलिखित नियम. क्षीरटेकचा शेअर विकणं म्हणजे दावणीची म्हैस कसायाला देणं, असं लोक खरोखर म्हणत.

वार्षिक सभा मुंबईच्या कुठल्या हॉटेलात न होता गावच्या मंगल कार्यालयात व्हायची. ठराव पटापट मंजूर व्हायचे, कारण सगळ्यांचं लक्ष भटारखान्याकडे. मग पंगत. कांदा-लसूण नसलेला मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. आणि खांद्यावर पंचा टाकून चेअरमन स्वतः वाढायला. मुंबईहून आलेले डायरेक्टरही मांडी घालून बसायचे, बिचाऱ्यांना उठताना हात द्यावा लागायचा.

कंपनी छोटी होती तेव्हापासून अण्णा वर्षाचा नवा बेत या पंगतीतच सांगत. आपल्या माणसांना आधी, जगाला नंतर. तेव्हा ते चालत होतं. पण शेअर बाजारात गेल्यावर नियम उलटा झाला. कुठलीही मोठी बातमी आधी बाजाराला, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी. हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की ते माझी नक्कल करायचे.

त्या दिवशी बातमीही तशी मोठी होती. क्षीरटेक स्वतःची डेअरी काढणार होती. संध्याकाळी बोर्डाची बैठक व्हायची होती, तिथं मंजुरी मिळाली की मी बाजाराला कळवणार होते. तोवर तोंडाला कुलूप.

जिलेबीचा दुसरा फेरा चालला होता. भूपाल शेडबाळे मास्तरांच्या पानाशी अण्णा थांबले. मास्तर हायस्कूलमधून निवृत्त झालेले, घरी चार म्हशी, अण्णांचे लंगोटीयार. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "नेमण्णा, जिलेबी झाली, पुढच्या साली काय? नवं मशीन काय काढतासा?"

"पुढच्या साली मशीन न्हाई, मास्तर," अण्णांचा आवाज चढला. परात तशीच हातात. मी खोकले. काही उपयोग नाही. "पुढच्या साली ह्याच पंगतीत आपल्या स्वतःच्या डेअरीचं श्रीखंड वाढणार हाय मी! तुमचं दूध, तुमची डेअरी, आणि दूध असंल तेवढा पुरा दाम!"

कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरच्या ओळीत मुंबईच्या फंडाचे अद्वैत रेगे बसले होते. त्यांच्या फंडाकडे क्षीरटेकचे खूप शेअर होते आणि ते बोर्डावरही होते. त्यांनी जिलेबी पानात ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाजार चालू आहे ना अजून?"

बाजार चालू होता.

मी हात न धुताच ऑफिसकडे पळाले. बाजाराला कळवायचं पत्र पाठवेपर्यंत बातमी कुणाच्या फोनवरून सांगलीच्या ब्रोकरकडे, तिथून मुंबईला पोचली होती. माझं पत्र गेलं तोवर शेअर घसरायला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच त्याला लोअर सर्किट लागलं, म्हणजे एका दिवसात जितका पडू देतात तितका पडला आणि व्यवहारच थांबला. विकणारे रांगेत, घेणारं कुणी नाही. बाजाराकडून मला खुलासा मागणारं पत्र आलं. टीव्हीवर एक बाई गोड हसून म्हणाली की आता सॉफ्टवेअरवाले म्हशी पिळणार.

"हसू दे तिला," अण्णा म्हणाले. "संगणकवाल्यांनी हॉटेलं काढली, वीज काढली, तवा न्हाई हसली. म्हशीचं नाव काढलं की हसू येतंय."

पण त्यात त्यांचंही पूर्ण खरं नव्हतं, हे दोन दिवसांनी गुंतवणूकदारांबरोबर फोनवर झालेल्या चर्चेत कळलं. टेबलाच्या मधोमध फोन ठेवलेला, स्पीकर चालू. मी, अण्णा आणि मुंबईला न परतता मुद्दाम थांबलेले रेगे. पलीकडून एकेक आवाज नाव सांगून प्रश्न विचारायचा. सगळं इंग्रजीत, मी इथं मराठीत सांगते.

एकानं विचारलं, "सॉफ्टवेअरमधून तुम्हाला एक रुपया नफा झाला की बाजार त्याची किंमत तीस रुपये धरतो. डेअरीच्या एका रुपयाची दहा. तुम्ही सॉफ्टवेअरचा पैसा दुधात घालणार, म्हणजे आमच्या तिसाचे दहा करणार. बरोबर?"

दुसरी एक मुलगी म्हणाली, "सर, मला डेअरीत पैसे घालायचे असते तर मी डेअरीचा शेअर घेतला असता. त्यासाठी तुमची मध्यस्थी कशाला?"

आणि तिसऱ्यानं नेमकं दुखरं ठिकाण दाबलं. "तुमची सगळी गिऱ्हाइकं डेअऱ्याच आहेत. त्यांच्याच दारात तुम्ही दुकान मांडणार. मग ते तुमचं यंत्र का घेतील?"

प्रश्न चोख होता. खरं तर त्याच दिवशी सकाळी दोन मोठ्या डेअऱ्यांनी ऑर्डर थांबवल्याचं कळवलं होतं. मी अण्णांसमोर उत्तरांचा कागद ठेवला होता. नवी संधी, उत्पन्नाचा दुसरा स्रोत, वगैरे. अण्णांनी तो बाजूला सारला आणि फोनवर वाकून आपल्या इंग्रजीत म्हणाले, "आमच्या शेतकऱ्यांना दुधाचा पुरा दाम मिळावा म्हणून आम्ही डेअरी काढतोय."

रेग्यांनी डोळे मिटून घेतले. मग पलीकडून कुणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे नफा शेतकऱ्यांना वाटणार?"

त्या दिवशी पुन्हा लोअर सर्किट.

चर्चा संपल्यावर रेगे म्हणाले, "अण्णा, भाषण सुंदर होतं. पण ते लोक मतदार नाहीत."

रेगे वाईट माणूस नव्हते. सोयीसाठी मी त्यांना खलनायक करू शकते, पण ते तसे नव्हते. त्यांच्या फंडात शिक्षकांचे, बँकेतल्या कारकुनांचे पैसे होते आणि ते सांभाळणं हे त्यांचं काम होतं. मी अण्णांना एकटं गाठून विचारलं, "अण्णा, हा डेअरीचा हट्ट का? यंत्रं उत्तम खपतायत. नफा आहे. कशाला नसती आफत?"

अण्णांनी मिठाची गुळणी धरली. एरवी पंगतीत बातम्या फोडणारा माणूस, पण या प्रश्नावर तोंड उघडायला तयार नाही. मला त्यांचा राग आला. म्हातारपणी माणसाला नाव मागं ठेवायची हौस येते, तसलं काहीतरी असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

शेअर पडतच होता. आणि मग एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. विकणारे सगळे मुंबईचे होते, पण तुरळक का होईना, कुणीतरी घेतही होतं. घेणाऱ्यांची नावं नंतर आमच्याकडे आली तेव्हा मी हादरले. मगदूम, ऐनापुरे, कोथळे, शेडबाळे. सगळी आमचीच माणसं. हिंगणवाडी क्षीरटेक विकत घेत होती.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकाशी भूपाल मास्तर अण्णांना भेटले. मी गाडीत अण्णांच्या शेजारी होते. मास्तरांनी खिडकीत डोकं घातलं.

"नेमण्णा, अजाबात घाबरू नगा. मुंबईवाले इकू देत, आमी घेतोय. गावानं ठरवलंय. आपला माणूस हाय, असा पडू देतोय व्हय?"

अण्णांचा चेहरा उतरला. "मास्तर, तुमी किती घेतले?"

"दोन म्हशी इकल्या, त्याचं. आणि ते निवृत्तीचं ठेवलेलं होतं न्हवं, नातीच्या शिक्षणाचं, ते सगळं."

"मास्तर, ऐका माझं. नका घे..."

मी अण्णांचा दंड घट्ट धरला. "अण्णा, असं बोलता येत नाही." आणि खरंच येत नव्हतं. कंपनीचा चेअरमन कुणा एका माणसाच्या कानात शेअर घे किंवा विक असं सांगू शकत नाही, मग तो लंगोटीयार का असेना. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते घाबरले होते.

मास्तर आपले हसत होते. "मॅडम, तुमी लई कडक बगा. आमी काय बाजाराचं इचारतोय व्हय? आमी आमच्या माणसाचं इचारतोय."

गाडी आत आल्यावर अण्णा म्हणाले, "दोन म्हशी विकल्या गं त्यानं. निम्मा गोठा."

दुसऱ्या दिवशी रेगे पुन्हा आले. या वेळी त्यांनी चहाही घेतला नाही. "अण्णा, तुमच्यासमोर दोनच वाटा आहेत. डेअरी रद्द करा आणि तुम्ही चेअरमनपद सोडा. बाजाराचा आता तुमच्यावर विश्वास नाही, नुसती डेअरी रद्द करून भागणार नाही. नाहीतर माझा फंड सगळे शेअर विकून बाहेर पडेल. आम्ही विकले तर हा शेअर कुठं जाऊन थांबेल ते मलाही सांगता येणार नाही."

"माझं गाव बुडंल," अण्णा म्हणाले.

"गावाला मी घ्यायला सांगितलं नव्हतं," रेगे म्हणाले, पण ते म्हणताना त्यांचीही मान खाली होती. "उद्या सकाळपर्यंत सांगा."

त्या संध्याकाळी अण्णांनी मला गाडीत बसवलं आणि गावातल्या संकलन केंद्रावर नेलं. संध्याकाळच्या दुधाची वेळ. किटल्या, बरण्या घेतलेली माणसं रांगेत, बायका जास्त. अण्णांना बघून पुढं या, पुढं या म्हणत लोकांनी वाट दिली. आमचं यंत्र आतल्या बाजूला, त्याचा पडदा फक्त केंद्र चालवणाऱ्याला दिसेल असा. अण्णा मला त्या बाजूला घेऊन गेले.

"बघ," ते म्हणाले.

एका म्हातारीनं किटली ओतली. नमुना यंत्रात गेला. पडद्यावर फॅटचा आकडा उमटला, सहा पॉइंट चार आठ. खडखड करत चिठ्ठी बाहेर आली. म्हातारीनं ती घडी करून कनवटीला लावली आणि अण्णांना नमस्कार करून गेली.

"चिठ्ठीवर काय होतं बघितलंस?"

"सहा पॉइंट चार," मी म्हणाले.

"आणि पडद्यावर?"

मला पटकन कळलं नाही. पुढच्या माणसाचं दूध सहा पॉइंट दोन सात लागलं. चिठ्ठीवर सहा पॉइंट दोन. त्याच्या पुढचीचं सात पॉइंट एक नऊ, चिठ्ठीवर सात पॉइंट एक. मग कळलं. पॉइंटनंतरचा दुसरा आकडा चिठ्ठीवर येतच नव्हता.

आम्ही बाहेर येऊन गाडीशी उभे राहिलो. अण्णा सरळ समोर बघत बोलायला लागले.

"पहिलं मशीन घेऊन मी दारोदार फिरत होतो. कुणी घेईना. हातानं मोजत होते ते बरं होतं त्यांना. मग एका डेअरीचा चेअरमन म्हणाला, लडगे, मशीन झकास आहे, पण तो पॉइंटनंतरचा दुसरा आकडा कशाला छापताय? तेवढा गाळा, वीस मशीनं घेतो. मी घरी आलो आणि सॉफ्टवेअरमधली एक ओळ बदलली. एकच ओळ. त्या दिवसापासून मशीन हातोहात खपायला लागलं."

"दर फॅटवर ठरतो," मी म्हणाले.

"चिठ्ठीवर छापलेल्या फॅटवर ठरतो. एका चिठ्ठीला काही पैसेच जातात. कुणाच्या ध्यानात येत नाही. पण रोज, दोन्ही वेळा, देशभर. डेअऱ्या आपल्याला एवढे पैसे कशाचे देतात, वैजयंती? आपण सॉफ्टवेअर नाही विकत. ती ओळ विकतो."

"मग काढून टाका ती. आजच्या आज."

"काढली की उद्या सगळे दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतील. ती कंपनी हीच ओळ घालून देईल. शेतकऱ्याचं काय बदललं? म्हणून डेअरी. आपल्या डेअरीच्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे छापायचे. लोक आपल्याकडं दूध आणणार. मग बाकीच्यांना छापणं भाग पडणार. एवढं झालं असतं तर मी सुखानं डोळे मिटले असते."

मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मग सगळं जुळत गेलं. एवढ्या दिवसांचा तो हट्ट, ते फोनवरचं वेडं उत्तर, ते पुरा दाम, पुरा दाम. माणूस ओरडून सांगत होता आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडावर हात ठेवत होतो.

"हे रेग्यांना सांगा," मी म्हणाले. "लोकांना सांगा. गावाला सांगा, अण्णा. गाव तुमचं ऐकेल."

"गावाला काय सांगू? की तुमचं दूध मी वर्षानुवर्षं कापलं? त्याला माझी तयारी आहे. तोंडात शेण घातलं तरी खाईन. पण हे बाहेर पडलं की शेअर मातीमोल होईल. आणि तो शेअर आता कुणाच्या हातात आहे? मास्तरच्या. त्याच्या नातीच्या शिक्षणाचा पैसा कापलेल्या दुधावर उभा आहे, आणि ते दूध त्याचंच आहे." त्यांनी गाडीच्या टपावर हात टेकला. "सांगितलं तर तो मरतो, डेअरी काढली तर मरतो. मी गेलो तरच वाचतोय."

समोरून माणसं रिकाम्या किटल्या वाजवत घरी जात होती आणि वाकून अण्णांना नमस्कार करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडण्याआधी मी शेअर बाजाराला पत्र पाठवलं. डेअरीचा प्रस्ताव मागं घेतला आहे. चेअरमन श्री. नेमिनाथ लडगे यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आहे. या वेळी सगळं नियमाप्रमाणं झालं, आधी बाजार, मग जग. गावाला बातमी टीव्हीवरून कळली.

बाजार उघडला आणि शेअर उसळला. थेट अप्पर सर्किट, म्हणजे त्या दिवशी जितका चढू शकतो तितका चढला. आता घेणारे रांगेत आणि विकणारं कुणी नाही. ऑफिसमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याकडेही शेअर होते. मग माझ्याकडे लक्ष गेलं तसे ओशाळून कामाला लागले. टीव्हीवरच्या त्याच बाईनं सांगितलं की कंपनीला शहाणपण सुचलं म्हणून बाजार खूश आहे. पुढचे दोन दिवसही तेच. पडलेला सगळा भाव भरून निघाला आणि वर चढला. गावात चौकात माळ लावली फटाक्यांची. अण्णांच्या घरापर्यंत आवाज जात असणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अण्णांकडे गेले. पद्मक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दार उघडलं आणि डोळ्यांनीच आत खूण केली. अण्णा सोप्यात खुर्चीवर बसून होते. दाढी वाढलेली. आम्ही काही बोलणार तोच अंगणातून हाक आली आणि भूपाल मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले.

"आधी तोंड गोड करा, नेमण्णा. वैनी, तुमी बी घ्या. मॅडम, घ्या." सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवून मास्तर समोर बसले. "खोटं न्हाई सांगत, परवा सकाळी बातमी आली तवा मी रडलो. म्हनलं, ह्यांनीच सोडलं, आता कुठली कंपनी अन् काय. पर बाजार उघडला आणि शेअर असा वर, असा वर! मग पोरगा म्हनला, दादा, लोकांना बरं वाटलंय, म्हणून चढलाय."

"बरं झालं, मास्तर," अण्णा म्हणाले.

मास्तर जरा घुटमळले. मग जुन्या मित्राला हक्कानं सांगावं तसं पुढं झुकून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नगा. पर खरं सांगू? ते डेअरीचं खूळ तुमचं चुकलंच. मुंबईवाल्यांना कळतंय त्यातलं. आपलं काम मशीनचं. तुमी वेळेवर सोडलंसा, म्हणून आमी वाचलो."

पद्मक्का झटकन आत निघून गेल्या.

अण्णांनी पेढा खाली ठेवला. "मास्तर, मी आता चेअरमन नाही. आता मला बोलायला कुणी अडवत नाही. एक सांगायचंय तुमाला. त्या चिठ्ठीवर..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मी त्यांचा दंड धरला नाही. सांगू देत, असंच मला वाटत होतं, मग पुढं काय व्हायचं ते होवो.

पण मास्तरांनीच त्यांचा हात हातात घेतला. "बास आता. कंपनीचं बोलायचं न्हाई. ते बघायला हायत लोक. लई केलंसा तुमी, आता आराम करायचा. मला काय कळतंय त्यातलं, अन् तुमाला तरी आता कशाला डोक्याला ताप?"

"मास्तर, ऐका तर..."

"न्हाई ऐकत!" मास्तर हसत हसत उठले. "निम्मे शेअर आजच इकले, फायद्यात. पैलांदाच इकले, पर पोरगा मागं लागला. उद्या मिरजेच्या बाजारातनं तीन म्हशी आणतोय. दोन गेल्या, तीन येत्यात. आता दोन्ही वेळचं भरपूर दूध घालणार बगा, आणि घालणार ते तुमच्याच मशीनवर. दुसऱ्या कुठल्या डेअरीचं तोंड बघणार न्हाई. माझा विश्वास बसलाय त्या मशीनवर." चपला घालता घालता ते दारातनं परत वळले. "चालतो. धारंची वेळ झाली."

ते गेले. अण्णांनी खाली ठेवलेला पेढा उचलून परत पुड्यात ठेवला. मग मला म्हणाले, "त्याचं सगळं भरून निघालं ना गं?"

"निघालं, अण्णा. वर फायदा झाला."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागले.